साहेब, कागद दाखवता का? शाळेचा कायदा आपल्या कामी कसा आणायचा

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग. मंजूर पदं पाच. त्यातलं एक रिकामं, आणि एक सर कागदावर आमच्याकडे पण बसायला तालुक्याच्या एका कार्यालयात. म्हणजे सात वर्गांना तीन शिक्षक. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, म्हणून विचारायला गेले. उत्तर मिळालं, "ताई, तुमच्याकडे एकच जागा रिक्त आहे. बाकीच्या शाळांत दोन-दोन आहेत. आणि सर कामगिरीवर आहेत, तसा वरून आदेश आहे."

मी मान हलवली, चहा घेतला आणि एसटीने घरी आले. वरून म्हणजे कुठून, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ते सुचायला पुढे दीड वर्ष गेलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझं शिक्षण बारावी. शिलाईकाम करते. कायद्याचं जे कळतं ते मशीनवर बसून, कापड बाजूला सारून, कटिंगच्या टेबलावर कागद पसरून वाचून कळलं आहे. म्हणून यात वकिली काही नाही. आपली झेडपीची शाळा, आपली मुलं आणि आपले शिक्षक यांच्यापुरतं आहे.

आधी कागदाची पायरी ओळखा

कार्यालयात गेल्यावर "शासनाचा नियम आहे" असं सगळ्याच कागदांना म्हणतात. तसं नसतं. सगळ्यात वर अधिनियम, म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा. आपल्या कामाचा मुख्य कायदा केंद्राचा आहे: बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. आपण त्याला आरटीई म्हणतो. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. राज्याचे स्वतःचे कायदेही आहेत. सगळ्या शाळांत मराठी शिकवायलाच पाहिजे, हा २०२० चा कायदा आपल्या विधिमंडळाने केला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड त्यात आहे.

अधिनियमाखाली नियम येतात. आरटीई केंद्राचा असला तरी कलम ३८ मध्ये नियम करायचा अधिकार राज्याला दिला आहे आणि आपल्याकडचे नियम २०११ चे आहेत. त्याखाली शासन निर्णय, म्हणजे जीआर. त्याखाली संचालक, शिक्षणाधिकारी यांची परिपत्रकं आणि पत्रं. आणि सगळ्यात खाली, पण सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट म्हणजे फोनवरचा तोंडी आदेश.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. कापड जेवढं, तेवढाच शर्ट. दीड मीटर कापडात दोन मीटरचा सदरा कोणी शिवू शकत नाही. अधिनियम म्हणजे ते कापड. नियम, जीआर, परिपत्रक हे त्यातूनच कापायचं. त्याच्या बाहेर गेलं तर उसवतं.

हे मला पुस्तकातून नाही, घरातून कळलं. २०२४ साली माझ्या बहिणीच्या मुलाचा पंचवीस टक्क्यांतून अर्ज भरायचा होता. आरटीईचं कलम १२ सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, किंवा जिथून प्रवेश सुरू होतात त्या वर्गाच्या, किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्याने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट. बहिणीने ऑनलाइन फॉर्म उघडला तर यादीत झेडपीच्याच शाळा. ती म्हणाली, "मग फॉर्म कशाला भरायचा, तिथे तर असाच प्रवेश मिळतो." बरोबरच होतं तिचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द झाला. मूळ कायद्यात नसलेली सूट नियमातून देता येत नाही, हा मुद्दा. कापडाबाहेरचा शर्ट.

तुम्हाला कोर्टात जायची गरज पडेलच असं नाही. पण समोर कागद आला की पहिला प्रश्न हाच: हा कोणत्या पायरीवरचा, आणि वरच्या पायरीला हा पटतो का?

जीआर मागून वाचा

जीआर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी 'प्रस्तावना' वाचतानाच पेंगले. प्रस्तावनेत बहुतेक वेळा आपल्या कामाचं काही नसतं. मी आता असा वाचते.

आधी शेवटचं पान. तिथे "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं असतं, खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही, आणि वर एक लांबलचक संगणक संकेतांक. त्या संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअॅपवर आलेला 'नवीन जीआर' खरा का खोटा हे बघायचं तर तो संकेतांक किंवा तारीख घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानावर जायचं, विभागात 'शालेय शिक्षण व क्रीडा' निवडायचं आणि शोधायचं. नाही सापडला तर तो पुढे ढकलू नका. आमच्या पालकांच्या ग्रुपवर सुट्ट्यांचे असे दोन-तीन 'जीआर' दरवर्षी येतात, आणि ते सगळ्यात जास्त पोरंच वाचतात.

मग पहिलं पान, वरचा 'वाचा' किंवा 'संदर्भ' हा भाग. तिथे जुन्या कागदांची यादी असते. ही यादी म्हणजे त्या जीआरची कुंडली. हा कोणत्या जुन्या निर्णयावर उभा आहे, ते तिथे कळतं. त्यानंतर आत 'अधिक्रमित' हा शब्द शोधायचा. 'अधिक्रमित करण्यात येत आहे' म्हणजे जुना गेला, आता हा. 'अंशतः बदल' म्हणजे जुनाही जिवंत आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

जुना कागद नवा समजून भांडायला जाऊ नका, लाज जाते. २०२५ चंच बघा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा, असा जीआर १६ एप्रिलला आला. १७ जूनला त्यात बदल करणारा दुसरा आला. २९ जूनला दोन्ही रद्द करत असल्याचं सरकारने जाहीर केलं. अडीच महिन्यांत तीन वळणं. आमच्या बैठकीत जुलैमध्ये एक पालक एप्रिलचा कागद फडकावत होते आणि दुसरे जूनचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही शिळे.

गणवेशाचंही तसंच. समग्र शिक्षा अभियानातून दोन गणवेशांचे सहाशे रुपये यायचे आणि समिती गावात शिवून घ्यायची. मग 'एक राज्य एक गणवेश' आलं, तो अधिकार वर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. (मी अध्यक्ष असताना एकही गणवेश माझ्या मशीनवर शिवला नाही, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला. गावात बोलायला वेळ लागत नाही. फक्त एवढं म्हणते की माप न घेता शिवलेला शर्ट तिसरीतल्या पोराला बसला तर तो योगायोग.)

अजून एक शिळी भाकर: "आठवीपर्यंत नापास करता येत नाही." हे २०१० ला खरं होतं. २०१९ ला केंद्राने कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षा ठेवली आणि नापास झालेल्याला त्याच वर्गात बसवायची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती घेतली. नापास झालं तर पुन्हा एक संधी, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. पण त्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते तसंच आहे.

एक शब्द, आणि आमचे सर परत कसे आले

आता मूळ गोष्टीकडे येते. दीड वर्षाने मी आरटीईची मराठी प्रत झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. शिलाईच्या खडूने खुणा करत गेले. कलम २५ आणि २६ शिक्षकांच्या संख्येबद्दल आहेत.

कलम २६ चा अर्थ असा: शिक्षक नेमणाऱ्या प्राधिकरणाने बघायचं की त्याच्या नियंत्रणाखालच्या शाळेतली शिक्षकांची रिक्त पदं एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होणार नाहीत. मी ते तीनदा वाचलं. 'शाळेतली'. तालुक्यातली नाही, जिल्ह्यातली नाही. मला कार्यालयात सांगितलं जायचं की तालुक्यात सरासरी इतके टक्के रिक्त आहेत, तुमचं त्या मानाने बरं आहे. पण कायदा सरासरी विचारतच नाही. एका शाळेचं विचारतो. पाच पदांचे दहा टक्के म्हणजे अर्धा शिक्षक. आमच्याकडे एक रिकामं, म्हणजे वीस टक्के. "एकच तर जागा आहे" हे उत्तर तिथेच संपलं.

कलम २५ चं दुसरं पोटकलम तर त्याहून कामाचं. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण टिकावं म्हणून, एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या कोणत्याही शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येणार नाही, आणि कलम २७ मधली कामं सोडून अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. कार्यालयात! शब्दच तो लिहिलेला. कलम २७ मधली कामं तीनच: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुकांची कामं. संगणकावर माहिती भरत बसणं यात कुठेच नाही.

हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी पळत गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. आधी पुरावा. कलम हातात असून आकडा हातात नसेल तर साहेब हसून चहाच पाजतात. मला तीन कागद हवे होते. एक, आमच्या शाळेची संच मान्यता, ज्यात पटावरून किती पदं मंजूर ते असतं. दोन, शिक्षकांच्या हजेरीपटाच्या मागच्या सहा महिन्यांच्या प्रती. तीन, सरांना कामगिरीवर पाठवल्याचा आदेश. पहिले दोन मुख्याध्यापकांकडून मिळाले. मुख्याध्यापक हे समितीचे सचिव असतात, त्यांना अडचणीत न आणता बैठकीत ठराव करून मागायचे. आदेशाची प्रत कोणी देईना. मग माहिती अधिकार.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. 'का' विचारू नका. "सरांना का पाठवलं?" याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: "अमुक शाळेतील शिक्षकांस अन्यत्र कामगिरीवर पाठविल्याच्या, अमुक तारखेपासून आजपर्यंतच्या सर्व आदेशांच्या साक्षांकित प्रती." तीस दिवस वाट बघायची. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

मला सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. एका ओळीचं: 'सदर आदेश अभिलेखात आढळून येत नाही.'

दीड वर्ष ज्या 'वरच्या आदेशाला' मी मान हलवत होते, तो कागद नव्हताच. फोन होता. तो कागद नसल्याचा कागद मात्र आता माझ्याकडे होता, सही-शिक्क्यासह.

अर्ज कसा लिहायचा

मोठा अर्ज कोणी वाचत नाही. माझा पहिला अर्ज चार पानांचा होता, त्यात गरीब मुलांचं भवितव्य, सावित्रीबाई, सगळं होतं. तो कुठे गेला मला माहीत नाही. हा दुसरा, जो चालला:

"प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. विषय: शाळेतील कार्यरत शिक्षक मूळ शाळेत परत पाठविणे व रिक्त पद भरणेबाबत. संदर्भ: १) आरटीई अधिनियम २००९, कलम २५(२), २६ व २७. २) माहिती अधिकारातील आपले उत्तर, दिनांक अमुक. ३) शाळा व्यवस्थापन समिती ठराव क्रमांक ४. महोदय, आमच्या शाळेत मंजूर पदे ५, रिक्त १, कार्यालयीन कामावर १, प्रत्यक्ष शिकविणारे ३. कार्यालयीन कामाचा लेखी आदेश अभिलेखात नसल्याचे आपण कळविले आहे. तरी संबंधित शिक्षकांस तत्काळ मूळ शाळेवर पाठवावे व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती समितीस द्यावी. सोबत: संच मान्यता, हजेरीपट, ठराव, उत्तर यांच्या प्रती."

संपलं. एक पान. त्यात कोणाला शिव्या नाहीत, सरांचं नावही नाही. ते मुद्दाम. सरांना स्वतःला परत यायचं होतं, पण ते नोकरीवाले, तक्रार केली तर अडचण त्यांचीच. शिक्षकासाठी भांडायचं असेल तर शिक्षकाला पुढे करू नका, शाळेला करा.

ठराव मात्र नीट हवा. 'चर्चा झाली' असं लिहिलेलं इतिवृत्त कुचकामी. कोणता ठराव, सूचक कोण, अनुमोदक कोण, किती उपस्थित, सगळ्यांच्या सह्या. आरटीईच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, आलेल्या अनुदानाचा वापर बघणं ही तिची कामं. कलम हे 'देखरेख' म्हणतं. म्हणजे विचारणं हे आपलं कामच आहे, उपद्व्याप नाही. आमच्या आधीच्या समितीत निम्म्या बायका होत्या, सह्यांपुरत्या. वही घरोघरी फिरायची. मी पहिल्या महिन्यात वही घरोघरी फिरवणं बंद केलं, त्यावर काही घरी नाराजी झाली, बायकांची नाही, नवऱ्यांची.

अर्ज द्यायला जाताना दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तिसरी गोष्ट विसरू नका, आवक क्रमांक. नुसत्या शिक्क्याला पुढे कोणी विचारत नाही, "आवक नंबर सांगा" म्हणतात. पोच द्यायला टाळाटाळ केली तर तिथे वाद घालू नका, बाहेर येऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचा.

चोविसाव्या दिवशी सर शाळेत रुजू झाले. परिपाठाला उभे होते, पोरांनी टाळ्या वाजवल्या. रिकामं पद मात्र तसंच राहिलं. ते 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून भरती झाली की भरणार, असं लेखी आलं. अकरा महिन्यांनी एक मॅडम आल्या. कायद्याने सगळं लगेच होतं असं कोणी सांगत असेल तर त्याने कधी अर्ज केलेला नाही.

दाखला अडवला तर

हे लहान प्रकरण पण वारंवार येतं. चौथीतला एक मुलगा खाजगी शाळेत होता, वडिलांचं काम सुटलं, फी थकली. आई आमच्या शाळेत आली तर तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही. आधीची शाळा म्हणे, बाकी भरा मग दाखला. ती तीन आठवडे हेलपाटे घालत होती आणि पोरगा घरी बसून शेळ्या राखत होता.

कलम ५ सरळ आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि उशीर केला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. पण त्याहून महत्त्वाचं त्याच कलमात पुढे आहे: दाखला यायला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. म्हणजे भांडण दाखल्याचं आहे, प्रवेशाचं नाहीच. आम्ही आईचा साधा अर्ज घेतला, त्याच दिवशी मुलगा वर्गात बसला. जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम १४. त्या थकलेल्या फीचं पुढे काय झालं ते त्या दोघांत. आमच्या मुख्याध्यापकांनी मागणीपत्र पाठवलं आणि दाखला दोन महिन्यांनी टपालाने आला.

ऐकलंच नाही तर

आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी प्राथमिक. ही रोजची शिडी. पण 'अर्ज' आणि 'कलम ३२ खालची तक्रार' यात फरक आहे. तक्रारीच्या वरच ठळक लिहा: 'आरटीई अधिनियम, कलम ३२ अन्वये तक्रार'. ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन त्या कलमात आहे. निर्णय पटला नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तीन महिने कॅलेंडरवर मोजा. एक्क्याण्णवाव्या दिवशी आठवणीचं पत्र तयार असू द्या.

आमदारांकडे जायचं तर लग्नाच्या पत्रिकेसारखं निवेदन देऊन फोटो काढू नका. विधिमंडळाची अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी, आणि नागपूरचं हिवाळी. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्यात, विचारता येईल असा एकच प्रश्न लिहून द्या: अमुक तालुक्यात किती शिक्षक लेखी आदेशाशिवाय कामगिरीवर आहेत? सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर तयार करायला माहिती खालीच मागवली जाते. कधी कधी प्रश्न सभागृहात येण्याआधीच खाली हालचाल होते.

नियम बदलताना बऱ्याचदा आधी मसुदा राजपत्रात येतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवतात, मुदत देतात. ती कुठल्या पत्त्यावर आणि कधीपर्यंत ते मसुद्यातच असतं. गावातून हरकत पाठवणारे फार थोडे. एक पान, कोणत्या नियमाला हरकत, का, आणि त्याऐवजी काय शब्द हवेत. तिसरी गोष्ट नसली तर पहिल्या दोन वाया.

आणि शिक्षकांसाठी दोन ओळी, कारण बऱ्याच जणांना मी हे सांगते तेव्हा ते चकित होतात. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, पण त्यांना मत द्यायला माध्यमिक किंवा वरच्या स्तरावर शिकवलेलं असावं लागतं. झेडपीच्या प्राथमिक गुरुजींना तिथे मतच नाही. ज्यांच्या कामगिऱ्यांबद्दल मी एवढं लिहिलं, त्यांचा त्या सातांत कोणी नाही. दुसरं, खाजगी शाळेतल्या शिक्षकांचा कायदा वेगळा आहे, १९७७ चा. नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करायचं असतं. संस्थाचालकांशी बोलणी करण्यात हे तीस दिवस निघून जातात. बोलणी करा, पण अपील टाकून.

माझी मुदत संपली, मुलगीही सातवीतून बाहेर पडली. नव्या अध्यक्ष ताईंना मी फाईल दिली. तिच्यात आरटीईची खडूच्या खुणा असलेली प्रत, संच मान्यता, चार वर्षांच्या ठरावांच्या झेरॉक्स, पोच असलेले अर्ज, आणि शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, जो सत्तावीसने सुरू होतो, तो वरच मोठ्या अक्षरात, कारण फोनवर सगळ्यात आधी तोच विचारतात. त्यांनी पानं चाळली आणि त्या एका ओळीच्या उत्तरावर थांबल्या. म्हणाल्या, "आढळून येत नाही, मग हे जपून का ठेवलंय?" मी म्हटलं, बसा, चहा टाकते.